मुसीचा महापूर आणि अमजद हैदराबादी : दीर्घ शोकाचे एक प्रकरण

हैदराबादच्या इतिहासलेखनात २८ सप्टेंबर १९०८ चा मुसी नदीचा महापूर एका ठराविक क्रमाने येतो. अतोनात पाऊस, फुटलेले तलाव, वाहून गेलेल्या वस्त्या, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची उदारता, आणि मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची पूरनियंत्रण योजना. उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन जलाशय उभे राहिले की प्रकरण संपते. राज्यकारभाराच्या दृष्टीने ते तेथेच संपते हे खरे. परंतु त्या रात्री ज्यांची माणसे गेली आणि जे स्वतः मागे राहिले, त्यांचे पुढचे आयुष्य कसे गेले, हा प्रश्न इतिहासाने सहसा विचारलेला नाही. तो विचारण्याजोगा आहे, आणि निदान एका माणसाच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधण्याइतके साहित्य आपल्या हाती आहे. तो माणूस म्हणजे उर्दूतील रुबाईचे श्रेष्ठ कवी अमजद हैदराबादी.

प्रथम त्या रात्रीविषयी. मुसी, म्हणजे जुन्या नावाने मुचकुंदा, ही एरवी उथळ व संथ नदी. तिच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेलेले लहानमोठे ७८८ तलाव होते. सप्टेंबरच्या अखेरीस दोन दिवस जो पाऊस कोसळला, त्यात यांपैकी २२१ तलाव फुटले, असे विश्वेश्वरय्यांच्या चौकशीत आढळून आले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येऊन आदळे, आणि तोही फुटे. पावसाच्या पाण्याला तलावांचे साठलेले पाणी मिळाले आणि ही सारी राशी सोमवारी पहाटेपासून शहरात शिरली. अफझल, मुसल्लम जंग व चादरघाट हे तिन्ही पूल निकामी झाले. कुतुबशाही काळातील, १५७८ साली बांधलेला पुरानापूल तेवढा शाबूत राहिला. मृतांचा सामान्यतः सांगितला जाणारा आकडा १५,००० आहे. शहराच्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा बेघर झाला. पेटला बुरुजावर जीव वाचविण्यासाठी चढलेले लोक बुरुजासकट वाहून गेले. उलट अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. दगडाचा बुरुज गेला आणि झाड राहिले. शहराने ही गोष्ट पुढे फार जपून ठेवली. हैदराबादी उर्दूत या पुराला आजही ‘तुग्यानी’ एवढेच म्हणतात. कोणती तुग्यानी, असे कोणी विचारीत नाही.

तिथी लक्षात घेण्याजोगी आहे. रमजानचा महिना नुकताच लागला होता. हिंदू घरांतून सर्वपित्री अमावास्या होऊन तीनच दिवस झाले होते आणि देव्हाऱ्यापुढे घट बसले होते. म्हणजे मृतांचे स्मरण करण्याचा वर्षातील जो नेमलेला पंधरवडा, तो ओसरला आणि लगेच हजारो नवे मृत त्या यादीत आले. त्यांच्या नावाचा महालय पुढील भाद्रपदापर्यंत यायचा नव्हता.

हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण शोकाला आकार देण्याचे काम आपल्याकडे पंचांगाने केले आहे. दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध आणि मग दरवर्षीचा पितृपक्ष, अशा पायऱ्यांनी मृत मनुष्य घरातून निघून पितरांत जातो, आणि मागे राहिलेल्यालाही त्या पायऱ्या उतराव्या लागतात. मुसलमान समाजात सर्वसाधारण शोक तीन दिवसांचा आणि पतीच्या निधनानंतर पत्नीची इद्दत चार महिने दहा दिवसांची. चाळिसाव्याची प्रथा दक्षिणेत सर्वत्र रूढ. या दोन्ही व्यवस्थांचा आरंभ मात्र एकाच गोष्टीपासून होतो, ती म्हणजे देह. देह सापडला नाही तर काय करावयाचे? हिंदू धर्मशास्त्राने त्यासाठी पालाशविधी सांगितला आहे : पळसाच्या पानांची पुरुषाकृती करून तिला अग्नी द्यावयाचा. अपघाती मृत्यू आलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी वेगळी राखून ठेवलेली आहे. हनफी परंपरेत, आणि दख्खनमधील बहुसंख्य सुन्नी याच परंपरेतले, गैरहजर मृताच्या जनाज्याची नमाज सर्वसाधारणपणे पढली जात नाही. परंतु बुडून मेलेल्याला हुतात्म्याचा दर्जा मिळतो असे हदीसमध्ये सांगितले आहे, आणि हे सांत्वन लहान नाही. तरीही ज्याने आपले माणूस पाण्यात जाताना पाहिले व पुन्हा पाहिले नाही, त्याचा शोक कोणत्याही पंचांगात नीट बसत नाही. शंका मागे राहते. दार वाजले की मन दचकते. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा हानीला ‘संदिग्ध हानी’ असे म्हटले आहे; मुसीच्या काठी १९०८ साली ती हजारो घरांत होती.

सय्यद अमजद हुसेन हे त्या काळी तरुण होते. वडील त्यांच्या तान्हेपणीच वारले होते. आईनेच त्यांना वाढविले, शिकविले. पुरात ही आई, पत्नी व मुलगी अशा तिघी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. ते एकटे वाचले. या प्रसंगावर त्यांनी ‘कयामत-ए-सुगरा’ ही दीर्घ कविता लिहिली. शीर्षकाचा अर्थ ‘लहान कयामत’ असा होतो आणि त्या ‘लहान’ या विशेषणाकडे वाचकाने थांबून पाहावे. मोठी कयामत जगाची. ही एका घराची. ज्याचे सर्वस्व गेले आहे असा मनुष्य आपल्या प्रलयाला लहान म्हणतो, यात श्रद्धेची नम्रता आहेच, परंतु मला त्यात प्रमाणाची जाणीवही दिसते. शोकाने माणसाची ही जाणीव सहसा प्रथम जाते. अमजद यांच्या ठिकाणी ती कवितेपुरती तरी टिकून राहिली.

पुढे काय झाले? बाहेरून पाहिले तर फारसे काही नाही. निजाम सरकारच्या हिशेब खात्यात त्यांनी नोकरी केली. काही वर्षांनी पुन्हा विवाह केला. लिहीत राहिले. ‘रुबाइयात-ए-अमजद’, ‘रियाज-ए-अमजद’, सादीच्या ‘गुलिस्तान’चे उर्दू रूप ‘गुलिस्तान-ए-अमजद’, यात्रावर्णन ‘हज-ए-अमजद’, आत्मचरित्रात्मक गद्य ‘जमाल-ए-अमजद’ अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे. लोकांनी त्यांना ‘हकीम-उश्-शुअरा’ व ‘शहनशाह-ए-रुबाइयात’ म्हटले. पुरानंतर ते आणखी बावन्न वर्षांहून अधिक जगले. १९६१ साली हैदराबादेतच वारले. एवढ्या चरित्ररेषेवरून कोणी म्हणेल की, घाव भरून आला. कोणी याउलट म्हणेल की, हा मनुष्य जन्मभर त्या रात्रीतच राहिला, नाही तर रुबाईसारख्या छोट्या, मिटलेल्या घरात तो कायमचा का बसता? दोन्ही निष्कर्ष मला उतावळे वाटतात.

रुबाई हा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित नाही. माधव जूलियन यांनी १९२९ साली ‘उमरखय्यामकृत रुबाया’ आणि १९३१ साली ‘द्राक्षकन्या’ प्रसिद्ध केल्यापासून चार चरणांची ही रचना आपल्याकडे रुळली. पहिला, दुसरा व चौथा चरण यमकाने बांधलेले, तिसरा मोकळा; वृत्त हजजाच्या चोवीस मान्य रूपांपैकी एक. तथापि खय्यामच्या मिषाने आपण रुबाईला मद्य, यौवन व क्षणभंगुरता यांच्याशी इतके जोडून टाकले की, तिचे दुसरे कूळ आपल्या नजरेआड झाले. अमजद यांची रुबाई त्या दुसऱ्या कुळातली, सूफी चिंतनाची. ईश्वराचे सान्निध्य, मागण्यातली लाज, अहंकाराचा निचरा, जे मिळाले त्याची कृतज्ञता, असे तिचे विषय आहेत. पुराचा उल्लेख तीत क्वचितच असावयाचा. परंतु तिसरा चरण मोकळा सुटतो आणि चौथा त्याला पुन्हा जागेवर आणतो, ही हालचाल ज्याने शेकडो वेळा केली, त्याला त्या हालचालीची गरज होती असे मानावयास हरकत नसावी. दीर्घ विलापिकेत शोक एकदाच पूर्णपणे ओतावा लागतो. रुबाईत रोज थोडे जाऊन परत येता येते. अमजद यांनी विलापिका एकदाच लिहिली. परत येण्याचा प्रकार आयुष्यभर चालविला.

येथे आधुनिक मानसशास्त्राने या बाबतीत काय म्हटले आहे ते पाहिले पाहिजे, कारण गेल्या शंभर वर्षांत त्याने आपले मत बरेच बदलले आहे. फ्रॉइडने १९१७ सालच्या ‘शोक व विषण्णता’ या निबंधात असे मांडले की, शोक हे मनाचे एक काम आहे. मृताभोवती गुंतलेली आसक्ती एकेक करून सोडवून घ्यावयाची आणि अखेर मन नव्या आसक्तीस मोकळे व्हावयाचे. १९२० साली त्याची कन्या सोफी साथीत वारली, १९२३ साली तिचा धाकटा मुलगा गेला. १९२९ साली, तिच्या वाढदिवशी, बिन्सवांगर या स्नेह्याला, ज्याचा मुलगा नुकताच वारला होता, लिहिलेल्या पत्रात फ्रॉइड अगदी वेगळे बोलतो : जागा कशानेही भरत नाही, भरली तरी ते काही वेगळेच असते, आणि तसेच असावे हे योग्य. सिद्धान्त मांडणारा तोच आणि तो सैल करणाराही तोच. अभ्यासकांनी सिद्धान्त पाठ केला. पत्राकडे लक्ष उशिरा गेले.

हैदराबादच्या पुराशी अधिक जवळचे उदाहरण बोस्टनचे आहे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी तेथील कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. एरिक लिंडमन या डॉक्टराने वाचलेल्यांशी व आप्तांशी बोलून १९४४ साली शोकाची लक्षणे नोंदली : लाटेप्रमाणे येणारी शारीरिक वेदना, मृताच्या प्रतिमेत मन अडकून राहणे, आपण वाचलो याचा अपराधभाव, इतरांविषयी चीड, रोजच्या व्यवहाराची घडी विस्कटणे. निरीक्षण मोलाचे होते. परंतु योग्य साहाय्य मिळाल्यास शोक काही आठवड्यांत मार्गी लागतो, ही त्याची अपेक्षा मात्र पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. बहुतेकांचा शोक कित्येक महिने, कधी वर्षे, मंदावत जातो. काहींचा मंदावतच नाही. या दुसऱ्या अवस्थेला आज ‘दीर्घशोक विकार’ असे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. आघाताविना आलेल्या मृत्यूनंतर सुमारे दहांत एकाला हा विकार जडतो असे २०१७ च्या एका संकलित अभ्यासात दिसले. अपघात, हिंसा, आपत्ती यांनी आलेल्या मृत्यूनंतर ते प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते, असे २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात. हे आकडे मुसीच्या काठावर नेऊन ठेवण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण ते निराळ्या समाजांतील व निराळ्या काळातील आहेत. एवढे मात्र म्हणता येईल की, १९०९ च्या हैदराबादेत असा शोक करणारे थोडेथोडके नसावेत.

या व्याख्येतली एक अट मला महत्त्वाची वाटते. व्यक्तीचा शोक तिच्या समाजाच्या, संस्कृतीच्या व धर्माच्या रीतीपलीकडे गेला पाहिजे, तरच तो विकार. म्हणजे मोजपट्टी शेवटी पंचांगाकडेच परत येते. जीवनाच्या गुणवत्तेविषयीही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या करताना बाहेरच्या सुखसोयी मोजल्या नाहीत. आपण ज्या संस्कृतीत व मूल्यांत राहतो तीत आपले स्थान काय आहे, याविषयी त्या माणसाची स्वतःची जी समजूत, तीवर भर दिला. अमजद यांच्या लेखनातून ही समजूत वाचता येते, आणि ती दारिद्र्याची नाही. देणाऱ्याने पुष्कळ दिले, घेतले तेही त्याचेच, अशी ती आहे. ही समजूत खरी की आवश्यक म्हणून पत्करलेली, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. तुकोबांच्या चरित्रातही दुष्काळात पत्नी व पुत्र गेल्यानंतर जो पालट सांगितला जातो, त्याकडे पाहताना आपण हाच प्रश्न विचारीत नाही. अमजद यांच्याबाबत तरी का विचारावा?

परंतु येथे एक गोष्ट दृष्टीआड करता कामा नये. अमजद पुरुष होते. त्यांना नोकरी करता आली, पुन्हा विवाह करता आला, लिहिता आले, यात्रेला जाता आले. त्याच पुरात ज्या स्त्रियांचे पती गेले त्यांचे काय झाले? इस्लाममध्ये इद्दतीनंतर विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक आहे, निदान शास्त्रतः. शहरातील उच्चवर्णीय हिंदू घरांत, मराठी घरे त्यांत आली, ती मोकळीक रूढीने नाकारली होती, कायदा १८५६ सालीच झाला असला तरी. तेथे शोकाला मुदतच नव्हती, कारण विधवेचा वेष, विधवेचे अन्न व शुभकार्यातून तिला वगळणे ही व्यवस्था जन्मभराची होती. आजचे शास्त्र ज्याला विकार म्हणते, ते त्या काळी एका स्त्रीवर्गाचे विहित कर्तव्य होते! या कोंडीतून वाट काढण्याचे एक उदाहरण नेमके याच वर्षांतले आहे. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. रमाबाईंनी आरंभीचा काळ एकांतात घालविला. मग हळूहळू त्या कामात उतरल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले. त्या पुस्तकाचा नायक पती आहे आणि ते लिहिणाऱ्या स्त्रीचे दिवस मात्र सेवासदनातल्या स्त्रियांत जात आहेत. मार्गारेट श्ट्रोबे व हेंक श्यूट या डच अभ्यासकांनी १९९९ साली जे प्रतिपादन केले की, शोकग्रस्त मनुष्य हानीकडे व पुनर्रचनेकडे आळीपाळीने वळतो आणि या ये-जेतच त्याचे स्वास्थ्य असते, त्याला याहून चांगला दाखला मिळणे कठीण. हैदराबादच्या पूरग्रस्त विधवांना रमाबाईंचे शिक्षण नव्हते, पतीचे नावही नव्हते. त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या नाहीत.

पुनर्रचनेच्या बाजूने शहराने जे केले ते मात्र भरीव आहे. निजामांनी राजवाड्यांची दारे निराश्रितांसाठी उघडली, अन्नछत्रे चालविली. त्यांनी नदीकाठी जाऊन हिंदू रीतीने मुसीची पूजा केली अशी आख्यायिका शहरात आहे, आणि ती दोन्ही समाजांत आवडीने सांगितली जाते. सरोजिनी नायडूंना त्यांच्या पूरग्रस्तांसाठी केलेल्या कार्याबद्दल कैसर-इ-हिंद पदक मिळाले. विश्वेश्वरय्या, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी व खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याला परिचित, १९०९ साली शहरात आले. त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला धरणे सुचविली. १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले, १९२० साली मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ साली तिच्या इसी या उपनदीवर हिमायतसागर पुरा झाला. महबूब अली खान तोवर हयात नव्हते. ते १९११ सालीच वारले. घर, काम, पाणी यांची घडी पुन्हा बसणे हे शोकावरचे औषध नसले तरी त्यावाचून दुसरे कोणतेही औषध लागू पडत नाही, हे आपत्तीनंतरच्या अभ्यासांतून पुनःपुन्हा दिसले आहे. त्या अर्थाने ही दोन्ही धरणे शोकाच्या इतिहासातही नोंदली गेली पाहिजेत. नदीने मात्र करार पाळला असे नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीतही शहराने माणसे गमावली.

विश्वेश्वरय्यांचा अहवाल आणि ‘कयामत-ए-सुगरा’ ही दोन्ही एकाच पाण्याविषयी आहेत. एकात खोऱ्याचे क्षेत्रफळ, तलावांची संख्या, प्रवाहाचे मान आहे. दुसऱ्यात तीन माणसे. इतिहासाच्या वर्गात ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचावीत, असे शिक्षकबंधूंना सुचवावेसे वाटते. चिंचेचे ते झाड पुढे बांधल्या गेलेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आले. २८ सप्टेंबरला काही नागरिक त्याच्याखाली जमतात, पुरात गेलेल्यांची आठवण काढतात, झाडाचे आभार मानतात आणि आपापल्या कामाला जातात.